तंबूभोवती मिठाची रेघ आणि साप

पावसाळा सरला की ठाण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘जंगलात मुक्काम करताना तंबूभोवती मिठाची रेघ ओढा, साप ती ओलांडत नाही.’ तसं नाही.

समज बहुधा गोगलगायीवरून आला असावा. तिच्यावर मीठ पडलं की ती आक्रसते, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. पण तिची त्वचा ओलसर आणि उघडी. मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं. सापाच्या अंगावर कोरडे खवले, आपल्या नखांसारखे केराटिनचे. त्यांना मीठ झोंबत नाही. आणि लांब कशाला, आपल्या खाडीकाठच्या खारफुटीत साप राहतातच की, तेही खाऱ्या पाण्यात!

रेघ टिकते का, हे घरीच बघा. दमट रात्री गच्चीत कागदावर चमचाभर मीठ ठेवा. सकाळी ते ओलं होऊन चिकटलेलं दिसेल. माहुलीच्या जंगलात दव पडल्यावर दुसरं काय होणार? (साप पळवायला म्हणून कार्बोलिक ॲसिडही नेऊ नका, त्यानं आपलीच कातडी भाजते.)

खरी धास्ती मण्यारची. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि दंश इतका हलका की अनेकदा कळतही नाही. म्हणून तळ जोडलेला तंबू घ्या, चेन पूर्ण लावा. उरलेला भात बाहेर टाकला की उंदीर येतो, मागोमाग साप. रात्री उठलात तर आधी टॉर्च, मग पाय. बूट झटकून घाला. चावल्याची शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठा.