कळंब्यात असलेल्या बाईसाठी शिक्षण आणि सुटकेनंतरची मदत: अर्ज कुठे, कागद कोणते

कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या बाईसाठीचा सरकारी पैसा एका खिडकीत मिळत नाही. शिक्षणाचं शुल्क एकीकडे माफ होतं, जामिनाचे पैसे दुसरीकडून येतात आणि मुलांची मदत तिसऱ्याच खात्याकडे असते. ही तिन्ही दारं ठोठावायची कुणी, तर बाहेरच्या नातेवाइकांनी. म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी शाळेचं पाहू. दहावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. पाचवी पास असली तरी चालतं. आपल्याकडे हे काम राज्य शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागाकडे आहे. फॉर्म परीक्षेच्या बरेच महिने आधी ऑनलाइन भरावा लागतो, म्हणून जूनपासूनच चौकशी सुरू करा. कागद तीनच: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. पण या तिनांत दाखलाच अडतो. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बाईचा दाखला माहेरच्या शाळेतच पडून असतो. तो काढायला भाऊ किंवा आई गेली, तर आत असलेल्या बाईच्या सहीचं अधिकारपत्र मागतात. ते तिला भेटायला जाल तेव्हाच कारागृहाच्या कार्यालयामार्फत सही करून घ्या. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

बारावी झालेल्या बाईला पदवीला जाता येतं. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, कारागृहातल्या बंद्यांकडून शुल्क घेत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही राज्यातल्या कारागृहांत अभ्यासकेंद्रं आहेत. तिने अधीक्षकांच्या नावे साधा विनंती अर्ज द्यायचा: नाव, बंदी क्रमांक, शेवटची पास झालेली इयत्ता, कोणता अभ्यासक्रम हवा. अर्ज दिल्याची तारीख तिने स्वतःजवळ लिहून ठेवावी. शिक्षा भोगत असलेल्या बाईने शिक्षण पूर्ण केलं तर शिक्षेत विशेष माफीही मिळू शकते. त्यासाठी गुणपत्रिका तिच्या कागदपत्रांत लागली आहे ना, हे पुन्हा पुन्हा विचारायला लाजू नका.

खटला अजून चालू असलेल्यांची गोष्ट वेगळी. जामीन मंजूर होऊनही केवळ पैसे नाहीत म्हणून आत राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, आणि त्याचा मला फार त्रास होतो. केंद्र सरकारच्या गरीब कैद्यांच्या साहाय्य योजनेत जामिनाची आणि शिक्षा झालेल्यांच्या दंडाची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार भरतं; २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा जामिनासाठी ४० हजार आणि दंडासाठी २५ हजार होती, आजची मर्यादा विचारून घ्या. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. मग घरची परिस्थिती तपासून जिल्हाधिकाऱ्यांकडची समिती निर्णय घेते. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, काळा पैसा आणि यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याचे, गुन्हे यात बसत नाहीत. आठव्या दिवशी कुणी हललेलं नसेल तर तुम्हीच प्राधिकरणात जा. जामीन आदेशाची प्रत, शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला बरोबर ठेवा. तिथला वकीलही मोफत असतो. बाई असेल किंवा कुणी कोठडीत असेल, तर १९८७ च्या कायद्यात उत्पन्नाची अटच नाही. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन केलात तरी चालेल.

मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील कारागृहात असतील तर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचं पासबुक आणि आई कारागृहात असल्याचा दाखला, एवढं लागतं. शेवटचा कागद सगळ्यांत आधी काढा. गडहिंग्लजकडच्या एक आजी नातवाला घेऊन एका कार्यालयात तीन वेळा आल्या, प्रत्येक वेळी एसटीच्या भाड्याचे पैसे उसने घेऊन. तिन्ही वेळा त्यांच्या पिशवीत सगळं होतं, फक्त तो दाखला नव्हता. आणि पहिल्या दोन वेळा तो लागतो हे कुणी सांगितलंच नाही. मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ आत राहू शकतं. सहावं लागण्याआधीच हा अर्ज तयार ठेवा, म्हणजे मूल बाहेर आल्यावर महिने वाया जात नाहीत.

सुटकेनंतर माहेर-सासर दोन्ही बंद झालेल्या बाईला शक्ती सदनात आसरा मागता येतो. पूर्वीची स्वाधार गृह योजना आता यातच आली आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा महिला व बालविकास कार्यालयात जा. सुटून आलेल्या बंद्यांना छोट्या व्यवसायासाठी मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची चौकशीही तिथेच जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे करा.

आता सुटकेच्या आधीच्या आठवड्याचं. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्यात वळले जात, हे आपल्या गावाला माहीत आहे. पण ज्या हाताने काम केलं त्याला बाहेर कुणी कागदाशिवाय ओळखत नाही. शिवण असो, स्वयंपाक असो, किती महिने काम केलं याचं प्रमाणपत्र आतूनच लेखी मागा. सुटकेचा दाखला, कामाच्या मजुरीच्या शिल्लक रकमेचा हिशेब, गुणपत्रिका आणि अटकेवेळी जमा केलेलं मूळ आधार, हे सगळं दाराबाहेर पाऊल ठेवण्याआधी हातात घ्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स त्याच दिवशी काढा.