‘फ्रोझन सॅल्मन म्हणजे शिळा मासा’: खरंच का?

कल्ले उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय पैसे न काढणारे आपण. त्यामुळे ‘फ्रोझन म्हणजे शिळा’ हे डोक्यात पक्कं बसलंय. बाजारातल्या बांगड्याला ते लावा, पण अलास्काच्या सॅल्मनबाबत हिशेब उलटा होतो.

तिथल्या ब्रिस्टल बे या उपसागरात सॉकाय जातीचा सॅल्मन समुद्रातून नद्यांकडे परततो तो जून-जुलैत. खरी झुंबड जुलैच्या सुरुवातीला. मग जानेवारीत ‘ताजा’ म्हणून मांडलेला सॉकाय आला कुठून? बहुधा गोठवून पुन्हा वितळवलेला. बारमाही ताजा मिळतो तो बहुतेक नॉर्वे-चिलीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला. अलास्कात सॅल्मन पाळून विकायला १९९० पासून बंदी आहे.

खरा फरक पडतो होडीवर. जाळ्यातून सोडवलेला मासा लगेच कल्ल्यापाशी चिरायचा, रक्त वाहू द्यायचं, बर्फाळ पाण्यात टाकायचा आणि लवकरात लवकर गोठवायचा. एवढं केलं तर महिन्यांनीही मांस घट्ट राहतं. हयगय केली तर न गोठवलेला मासाही लिबलिबीत होतो.

म्हणूनच स्वतः पकडून थेट गिऱ्हाइकाला विकणारे तिथले मच्छीमार बहुतेक माल फ्रोझनच देतात.

आणि हो, आपला रावस ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जातो, पण सॅल्मनशी त्याचं काही नातं नाही.