चोडणच्या खारफुटीतल्या शालेय सहली: पार्श्वभूमी

रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की चोडणच्या धक्क्यालगतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. बेटाच्या पश्चिम टोकावरच्या या १.७८ चौरस किलोमीटर खारफुटीला १९८८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पक्षितज्ज्ञ सलीम अली आदल्याच वर्षी गेले होते. नावात 'पक्षी' असल्यानं सहली दुर्बिणी घेऊन येतात. अनुकूलन शिकवायचं असेल, तर नजर आधी चिखलाकडे हवी.

खारफुटीचं गोव्याच्या शेतीशी जुनं नातं आहे. गावकऱ्यांनी खाडीकाठी मातीचे बांध घालून खाजन शेतं (खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं) काढली आणि पाण्याची ये-जा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी-दाराच्या, लाकडी दारांवर सोपवली. बांधाबाहेरची झाडं लाटांचा मार सोसत. जिथे बांध फुटून खारं पाणी आत शिरलं आणि शेतं पडीक राहिली, तिथे खारफुटीच रुजली. सहलीत बांध आणि मानस दाखवलीच पाहिजे. नाहीतर मुलांना हे जंगल माणसांपासून तुटलेलं वाटतं.

शाळांना बाहेर काढणारा रेटा न्यायालयाचा होता. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा सक्तीचा विषय करायला सांगितलं. २००३ मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा एनसीईआरटीकडे (शालेय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) सोपवला. विषय आला, पण तो शिकवायचा शाळेच्या वेळापत्रकात, आणि भरती-ओहोटी त्या वेळापत्रकाला जुमानत नाही.

सहली फसतात त्या इथेच. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. गोव्यात थोडी आधी. पौर्णिमा-अमावस्येला उलट, ऐन दुपारी उधाण, आणि श्वासमुळं (हवा घेण्यासाठी चिखलातून वर आलेली खारफुटीची मुळं) पाण्याखाली. म्हणून अष्टमीच्या आसपासचा दिवस धरावा आणि वेळ मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करावी.

पायवाट सोडू नये. तिवर या खारफुटीच्या झाडाची पेन्सिलीएवढी श्वासमुळं तुडवली की चिखलात गाडलेल्या मुळांची हवा तुटते. वाटेच्या कडेला एक चौरस मीटरची दोरीची चौकट टाकून ती मोजायला लावावीत. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात, कारण पानातल्या ग्रंथी मीठ बाहेर टाकतात. पावसानंतर ते धुऊन जातात, म्हणून कोरडी सकाळ बरी. कांदळ हे खारफुटीचं दुसरं झाड मीठ मुळांपाशीच अडवतं, आणि त्याचं बी झाडावरच रुजून शेंगेसारखं लोंबतं. निवटी हा चिखलात राहणारा मासा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. दहा मिनिटं हालचाल न करता थांबलं तरच तो बिळातून बाहेर येतो, त्यामुळे एका गटात दहा-बाराच मुलं ठेवावीत. हुरा (गेवा) हे झाड मात्र लांबूनच दाखवावं: त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी तात्पुरती जाऊ शकते.