उलेमेक, मिलोराद (लेगिया)

सर्बियाच्या ‘विशेष कारवाई पथका’चा माजी प्रमुख. फ्रेंच परदेशी सैन्यदलात, म्हणजे ‘लीजन’मध्ये, नोकरी केल्यामुळे त्याला ‘लेगिया’ हे टोपणनाव पडले आणि तेच कायमचे चिकटले. काही काळ तो लुकोविच असे आडनाव लावत असे, त्यामुळे जुन्या बातम्यांत तो त्याही नावाने सापडतो. मानेवर गोंदलेला गुलाब ही त्याची ओळखखूण. २००३ मध्ये झालेल्या पंतप्रधान झोरान जिंजिच यांच्या खुनाचा सूत्रधार म्हणून तो शिक्षा भोगत आहे.

त्याला ‘पोलीस अधिकारी’ म्हणणे कागदोपत्री बरोबर आहे. पण रूढ अर्थाने पोलिसाचे काम त्याने क्वचितच केले असेल. युगोस्लाव्हिया फुटत असताना, १९९२ मध्ये, तो फ्रान्सहून परतला आणि झेल्को राझ्नातोविच ऊर्फ आर्कान याच्या स्वयंसेवक टोळीत दाखल झाला. ‘वाघ’ म्हणवणाऱ्या या टोळीचा तळ क्रोएशियाच्या पूर्व स्लाव्होनिया भागातील एर्दुत येथे होता. तेथे लेगिया निवडक तुकडीच्या प्रमुखपदापर्यंत चढला. टोळी मोडली तरी माणसे बेकार झाली नाहीत. सर्बियन गुप्तचर विभागाने १९९६ मध्ये आपल्या छुप्या लढवय्यांना एका अधिकृत पथकात गोळा केले, त्यात आर्कानची बरीच माणसे सामावली गेली. हेच विशेष कारवाई पथक. लोक त्याला ‘लाल टोपीवाले’ म्हणत.

पथकाचा तळ उत्तर सर्बियाच्या व्हॉयव्होदिना प्रांतातील कुला या गावी होता आणि त्याची घडण फ्रांको सिमातोविच या गुप्तचर अधिकाऱ्याने केली होती. १९९७ मध्ये कुला येथे झालेल्या समारंभाला तेव्हाचे सर्बियाचे सत्ताधीश स्लोबोदान मिलोशेविच स्वतः हजर होते. त्याचे चित्रीकरण पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयात पुरावा म्हणून दाखवले गेले. पथक गृहखात्याच्या गणवेशात वावरे, पण हुकूम गुप्तचर विभागाचा चाले. नेहमीच्या पोलिसांना त्याच्या कामात डोकावता येत नसे.

कोसोव्होच्या युद्धानंतर, १९९९ मध्ये, लेगिया पथकाचा प्रमुख झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला इबार महामार्गावर एक ट्रक विरोधी पक्षनेते वुक द्राश्कोविच यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर घातला गेला. द्राश्कोविच बचावले, त्यांचे चार सहकारी ठार झाले. जून २००० मध्ये माँटेनेग्रोतील बुद्वा येथे द्राश्कोविच यांच्यावर पुन्हा हल्ला झाला. २५ ऑगस्ट २००० रोजी मिलोशेविच यांचे एकेकाळचे आश्रयदाते इवान स्ताम्बोलिच बेलग्रेडच्या कोशुत्न्याक उद्यानात व्यायामाला गेले, ते परतलेच नाहीत. फ्रुश्का गोरा डोंगरात पुरलेले त्यांचे अवशेष अडीच वर्षांनी मिळाले. ही सारी कामे पथकातल्या माणसांची होती, हे न्यायालयांत सिद्ध झाले.

लेगियाचे वजन मात्र खऱ्या अर्थाने वाढले ते न केलेल्या कामामुळे. ५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविच यांना हटवण्यासाठी लाखो लोक बेलग्रेडच्या रस्त्यांवर उतरले. आदल्या रात्री जिंजिच, तेव्हा विरोधी पक्षांचे एक नेते, लेगियाला एका गाडीत गुपचूप भेटले होते. जमावाने पोलिसांवर गोळ्या झाडू नयेत, तर पथकही बंदूक चालवणार नाही, असे त्यांच्यात ठरले. शब्द पाळला गेला आणि मिलोशेविच यांची सत्ता गेली. नव्या सरकारची मोठी अडचण येथेच सुरू झाली : ज्याच्यावर खटला भरायचा, त्याचेच उपकार डोक्यावर.

कुला येथील एका डिस्कोमधल्या राड्यानंतर २००१ च्या मध्यास त्याला पद सोडावे लागले. पथकावरची पकड मात्र सुटली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेल्या दोघा जुळ्या भावांना पकडून हेगला पाठवल्यावर, पथकाने उघड बंड केले. चिलखती गाड्या आडव्या घालून बेलग्रेडमधला महामार्ग अडवला. तेव्हाचे युगोस्लाव्ह राष्ट्राध्यक्ष वोयिस्लाव कोश्तुनित्सा यांनी याला फारसे महत्त्व दिले नाही. डॉक्टरही संपावर पांढऱ्या कोटातच जातात, अशा आशयाचे त्यांचे उत्तर अजून आठवले जाते. सरकार नमले. गुप्तचर विभागाचे प्रमुख बदलले गेले. सशस्त्र पथकाने सरकारला वाकवल्याचा इतका सरळ नमुना युरोपात त्या काळात दुसरा दाखवणे अवघड आहे.

लेगियाची ऊठबस आता दुशान स्पासोयेविच याच्या झेमुन टोळीत होती. अपहरण, खंडणी आणि अमली पदार्थ हा या टोळीचा धंदा. सरकार तिच्यावर हात टाकण्याच्या तयारीत असतानाच, १२ मार्च २००३ रोजी दुपारी, सरकारी इमारतीच्या आवारात जिंजिच मोटारीतून उतरले. फुटबॉल खेळताना पाय दुखावल्याने ते कुबड्यांवर चालत होते. समोरच्या रस्त्यावरील इमारतीच्या खिडकीतून आलेल्या गोळीने त्यांचा प्राण घेतला. अंगरक्षकही गंभीर जखमी झाला. गोळी झाडणारा झ्वेझ्दान योवानोविच हा पथकातलाच अधिकारी होता.

आणीबाणी पुकारून ‘साब्ल्या’, म्हणजे तलवार, या नावाने धरपकड झाली. ११ हजारांहून अधिक लोक ताब्यात घेतले गेले. २५ मार्चला पथक बरखास्त झाले. दोन दिवसांनी स्पासोयेविच पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. लेगिया मात्र वर्षभराहून अधिक काळ हाती लागला नाही. २ मे २००४ रोजी तो स्वतःच बेलग्रेडमधल्या आपल्या घरासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाला.

स्ताम्बोलिच प्रकरणात २००५ मध्ये आणि जिंजिच खटल्यात २३ मे २००७ रोजी त्याला प्रत्येकी ४० वर्षांची शिक्षा झाली. जिंजिच खटला चालू असताना साक्षीदार मारले गेले आणि एका न्यायाधीशाने काम सोडले. महामार्गावरच्या बंडाचा खटला फार उशिरा उभा राहिला. दिवसाढवळ्या, कॅमेऱ्यांसमोर घडलेल्या त्या प्रकरणात लेगियासह सारे आरोपी २०१८ मध्ये निर्दोष ठरले.