बक्षिसाचा पैसा येतो कुठून?

२००७ साली ‘कौन बनेगा करोडपती’चं तिसरं पर्व शाहरुख खानने चालवलं. त्यात घरबसल्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ नावाची स्पर्धा होती. पडद्यावर एक प्रश्न, चार पर्याय, उत्तर एसएमएसने. प्रत्येक भागात बरोबर उत्तरांतून सोडतीने एक विजेता निवडायचा आणि त्याला २ लाख रुपये द्यायचे. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. एवढ्याशा रकमेवरून उठलेला वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तोवर अशा कार्यक्रमांवर संशय असायचा तो वेगळाच: खेळ खरा आहे का? त्याचं मूळ अमेरिकेत. तिथे रेडिओवर ६४ डॉलरपर्यंत बक्षीस असलेला प्रश्नांचा खेळ लोकप्रिय होता. १९५५ मध्ये सीबीएस वाहिनीने तो टीव्हीवर आणताना रक्कम थेट हजार पटीने वाढवली. प्रायोजक होती रेव्हलॉन, म्हणजे पैसा लिपस्टिकच्या विक्रीतून यायचा. आवडता स्पर्धक टिकला की प्रेक्षक टिकतो आणि प्रेक्षक टिकला की माल खपतो, हे गणित निर्मात्यांना फार लवकर कळलं.

मग एनबीसी वाहिनीच्या ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नांच्या खेळात उत्तरं आधीच पढवली जाऊ लागली. हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकाला केस कसे कापायचे, कपडे कोणते घालायचे, इथपासून शिकवलेलं होतं. काचेच्या बंद खोलीत घाम आला तर तो पुसायचा नाही, रुमालाने नुसता टिपायचा, हेसुद्धा. डिसेंबर १९५६ मध्ये त्याला हरायला सांगितलं. १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कोणाला, हा प्रश्न. उत्तर ‘मार्टी’, त्याचा आवडता चित्रपट. त्याने मुद्दाम ‘ऑन द वॉटरफ्रंट’ म्हटलं. त्याला हरवणारा कोलंबिया विद्यापीठातला प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकला, आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे त्यानेच सगळं कबूल केलं. गंमत म्हणजे खेळ ठरवून खेळणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता! तो १९६० च्या कायदादुरुस्तीने झाला.

आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन यांचा ‘केबीसी’ सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती ठरला. एक मराठी मुलगा, तोही स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. महाराष्ट्रात त्याचं अप्रूप वाटणं साहजिकच होतं.

‘हर सीट हॉट सीट’मध्ये मात्र प्रश्न उत्तराच्या खरेखोटेपणाचा नव्हता. ‘सोसायटी ऑफ कॅटलिस्ट्स’ या ग्राहक संघटनेची तक्रार अशी की, बक्षीस वाहिनी देते असं भासतं, पण पैसा एसएमएसच्या वाढीव दरातून प्रेक्षकांकडूनच वसूल होतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढचा हिशेब बोलका होता: सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये, बक्षिसं १ कोटी ४ लाखांची. सप्टेंबर २००८ मध्ये आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून वाहिनी चालवणाऱ्या स्टार इंडियाला आणि एसएमएस सेवा पुरवणाऱ्या एअरटेलला मिळून १ कोटीचा दंड केला.

मला आयोगाचा तर्क पटतो. पण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्याच पैशातून दिली, हे पुराव्यानिशी सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. तोपर्यंत बारा वर्षं उलटली होती, आणि २ रुपये ४० पैसे कोट्यवधी वेळा लोकांच्या बिलातून, बॅलन्समधून केव्हाच वळते झाले होते.