संग्रह भिजला तर: पाणी ओसरल्यानंतरचे दोन दिवस

आमच्या बाईंडिंग व कागद-दुरुस्तीच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुराचं पाणी गल्लीत आलं की माणूस आधी सिलिंडर उचलतो, मग धान्याची पिंपं, मग सातबारा आणि मार्कशीटची पिशवी. पोस्टाच्या तिकिटांचं स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही), आजोबांनी बांधून ठेवलेले दिवाळी अंक, ट्रंकेतले फोटो हे सगळं पलंगाखाली राहून जातं. यात कुणाची चूक नाही. पण पाणी उतरल्यावर घरात पाय ठेवता, तिथून पुढे जे होतं त्यात बऱ्याचदा चूक असते आणि ती टाळता येते. हे पत्रक त्यासाठी आहे.

आधी आमचीच गोष्ट सांगतो, म्हणजे उपदेश करतोय असं वाटणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. गावभागातलं आमचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. पाणी उतरल्यावर आम्ही गिऱ्हाइकांच्या वह्या-पोथ्यांच्या मागे लागलो आणि वडिलांनी जमवलेले दिवाळी अंक गच्चीवर ताडपत्रीखाली रचून ठेवले, सवडीनं बघू म्हणून. चौथ्या दिवशी बघितलं तर प्रत्येक अंकाची वीट झाली होती. गुळगुळीत आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो ओला होऊन सुकला की पान पानाला कायमचं चिकटतं. ओलं असतानाच त्यात बटर पेपर घातले असते किंवा अंक तसेच फ्रीझरमध्ये ठेवले असते, तर निम्मे तरी उघडले असते. जन्मभर कागदात हात असलेल्या माणसांकडून हे झालं.

घरात शिरताना

मेन स्विच बंद असल्याची खात्री, पायात गमबूट, हातात रबरी मोजे. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं आणि लेप्टोची (दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाची) भीती खरी असते. हाताला साधा ओरखडा असला तरी मोजे घाला. काहीही हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, कपाट, कपाटातली वस्तू. विम्यासाठी हे लागतंच, पण कुठली वस्तू कुठे होती हे चार दिवसांनी तुम्हालाही आठवत नाही.

लोखंडी कपाट उघडत नसेल तर पहार घालू नका. आत पुस्तकं फुगून दाराला दाबत असतात. दार झटक्यात उघडलं की वरचा खण खालच्यावर कोसळतो. दोघांनी धरून, एकानं दार हळूहळू सोडायचं. भिजलेलं पुस्तक दुप्पट जड लागतं, पुठ्ठा धरून उचललं तर पुठ्ठा हातात येतो आणि पुस्तक खाली राहतं. खालून तळहात घाला किंवा सरळ ताटात घ्या.

उन्हात टाकू नका

ही सर्वांत मोठी चूक आणि सर्वांत प्रामाणिकपणे केलेली. गच्चीवर चादर पसरून पुस्तकं, तिकिटं, फोटो वाळत घालतात. मुळात पुराच्या दिवसांत ऊन तासभर पडतं आणि पुन्हा सर येते. पडलंच तरी कागद वरून कडक होतो, आत ओल तशीच राहते, पुठ्ठे पिळवटतात, रंग उडतात. इस्त्री आणि हेअर ड्रायर याच जातीचे. कागदाला लागतो वारा: खोलीत पंखा चालू, तोंड भिंतीकडे, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट किंवा टीपकागद, आणि तो ओला झाला की बदलायचा. छापलेलं वर्तमानपत्र आत घालू नका, त्याची शाई उतरते. बाहेरून गुंडाळायला चालेल.

आपल्याकडच्या दमट उष्म्यात दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. याचा अर्थ असा की शंभर पुस्तकं भिजली असतील तर सगळी वेळेत वाळवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून थांबवून ठेवायची युक्ती वापरायची.

फ्रीझर

पुस्तकं, वह्या, अंक, पत्रं गोठवली तर बुरशी थांबते आणि पानं चिकटायचीही थांबतात. महिनाभरानं, सवडीनं, पाच-पाच काढून वाळवता येतात. दोन-तीन पुस्तकांची चवड, मध्ये बटर पेपर, वर पातळ प्लास्टिकची पिशवी, की घरच्या फ्रीझरमध्ये. जास्त असतील तर ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर बघा. सांगली-तासगावकडे बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज पुष्कळ आहेत आणि २०१९ नंतर आम्हाला अनेकांनी विचारलं की तिथे ठेवू का. ती गोठवत नाहीत, नुसती थंड ठेवतात. काही दिवस बुरशी लांबते एवढंच. काहीच मिळत नसेल तर तेवढ्यावरही समाधान माना.

ही पद्धत आमच्या धंद्यात ज्या पुरानंतर रुळली तो पूर इटलीतला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी फ्लोरेन्स शहरात शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं चिखलात गेली. त्या वेळी फ्रीझरचा विचार कुणी केला नव्हता. पुस्तकं तंबाखूच्या भट्ट्यांत नेऊन सुकवली. निपाणी-जयसिंगपूरच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल, पण उष्णतेनं चामड्याच्या बांधण्यांचे हाल झाले.

फ्रीझरमध्ये घालू नयेत अशा वस्तू मोजक्याच: काचेच्या निगेटिव्ह, कॅसेट, रेकॉर्ड.

पोस्टाची तिकिटं

इथे जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त रडारड याच टेबलावर झाली आहे.

२०२१ च्या पुरानंतर पोस्टातून निवृत्त झालेले एक काका स्टॉकबुक स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून घेऊन आले. पंधरा ऑगस्ट १९४८ चा गांधींचा चार तिकिटांचा संच त्यात होता: दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडमध्ये छापलेला. न वापरलेला, मागचा गोंद शाबूत. म्हणजे पूर येईपर्यंत शाबूत. स्टॉकबुकमधल्या पारदर्शक पट्ट्या ओल्या होऊन सुरकुतल्या होत्या आणि चारही तिकिटं पानाला बसली होती. काकांनी घरी साडेतीन आण्याचं नखानं उचलून बघितलं होतं. त्याचा एक कोपरा पानावरच राहिला, दात्यांसकट.

बाकीची तीन आम्ही सोडवली. त्यात जादू काही नाही: परातीत स्वच्छ थंड पाणी, पानाचा तेवढाच तुकडा कापून पाण्यावर ठेवायचा, तिकीट स्वतःहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही, मग चपट्या चिमट्यानं उचलून टीपकागदावर पालथं. गोंद अर्थातच गेला. आज ती तिकिटं विनागोंद म्हणून मोजली जातात आणि बाजारात त्यांची किंमत गोंदासकटच्या संचाच्या जवळपासही नाही. काकांना हे आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, "मला विकायची कुठं आहेत?"

तेव्हा तिकिटांबाबत आधी स्वतःला विचारा की किंमत वाचवायची आहे की तिकीट. गोंद भिजून चिकटला असेल तर किंमत बहुतेक गेलेलीच आहे, तिकीट मात्र वाचू शकतं. वापरलेल्या, शिक्क्याच्या तिकिटांना पाण्याचं तितकं भय नसतं, कारण ती पाकिटावरून पाण्यातच सोडवलेली असतात. अपवाद शाईचा: काही जुन्या तिकिटांची शाई पाण्यात उतरते, जांभळी आणि हिरवी यांच्यावर पहिला संशय घ्या. फर्स्ट डे कव्हरवर (नव्या तिकिटाचं, पहिल्याच दिवशीच्या शिक्क्याचं पाकीट) पेनानं पत्ता किंवा सही असेल तर ते परातीत घालू नका, टीपकागदांत दाबून आमच्याकडे आणा.

फोटो

ब्लॅक अँड व्हाइट असो की रंगीत, जुन्या फोटोचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. ओलं असताना तो थर साईसारखा मऊ असतो. बोट लावलं की साय निघते. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका. गठ्ठा तसाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, बहुतेक वेळा तासा-दोन तासांत ते सुटायला लागतात. पाणी बदलत राहिलात तर फोटो एक-दोन दिवस पाण्यात राहू शकतात, त्याहून जास्त नाही. मग पापड वाळत घालायच्या प्लास्टिकवर चित्राची बाजू वर करून एकेक पसरा, सावलीत.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल आणि सुकला असेल, तर काचेपासून सोडवू नका. काचेसकट आणा. काचेवरूनच त्याचा चांगला फोटो घेता येतो, मग पुढचं बघू. लग्नाच्या ज्या अल्बममध्ये चिकट पान आणि वर प्लास्टिक असतं, ते अल्बम आधी उघडा. ते सर्वांत लवकर बिघडतात.

नाणी

नाण्यांचं पाण्यानं फारसं जात नाही, नंतरच्या घासण्यानं जातं. शिवराई, ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, राणीछाप रुपया, सगळ्यांवर वर्षानुवर्षांचा एक रंग बसलेला असतो आणि जाणकार तो रंग बघूनच हातात घेतो. एका वहिनींनी पूर ओसरल्यावर सासऱ्यांची सगळी नाणी चिंच लावून देवाच्या भांड्यांसारखी लख्ख केली. मोठ्या मायेनं केली. आम्हाला बघून बोलवेना.

चिखल बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, मऊ सुती कापडानं टिपा, चोळू नका. नाणी प्लास्टिकच्या खिशांच्या पानांत असतील तर आजच बाहेर काढा. आत ओल राहते, आणि मऊ पीव्हीसीचे खिसे असतील तर तांब्यावर हिरवा चिकट थर येतो.

रेकॉर्ड

७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं तर लाख विरघळते. साधं गार पाणी, मऊ कापड, खोबणीच्या दिशेनं. लेबल भिजवू नका आणि उभ्या करून वाळवा. पाकिटं चिकटली असतील तर आधी फोटो काढून ठेवा, बहुतेक तेवढंच हाती लागतं.

बुरशी आलीच तर

पांढरी-हिरवी भुकटी दिसली की वस्तू वेगळ्या खोलीत न्या, नाकावर मास्क लावा. ओली असताना पुसू नका, ती कागदात घुसते. पूर्ण सुकल्यावर घराबाहेर मऊ ब्रशनं झटका. ब्लीच, फिनेल, डेटॉल यांतलं काही कागदावर नको.

विम्याचं

घराच्या विम्याची भारत गृह रक्षा ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि तिच्यात पूर येतो. पण नाणी, हस्तलिखितं, कागदपत्रं पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतली नसतील तर धरत नाहीत. तुमच्या एजंटला हा एकच प्रश्न विचारा: माझा संग्रह पॉलिसीत शब्दांनी लिहिलेला आहे का? तोंडी "सगळं कव्हर होतं साहेब" याला काही अर्थ नाही. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत घंटागाडीत काही टाकू नका. चिखलाचा गोळा झालेलं स्टॉकबुकसुद्धा पुरावा असतो.

पुढच्या पावसाआधी

सांगलीकरांना हे कळायला अवघड नाही. आयर्विनला चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. तुमच्या गल्लीत कितव्या फुटाला पाणी येतं आणि तुमच्या घराच्या उंबऱ्याला कितव्या, हे दोन आकडे कपाटाच्या दाराच्या आतून लिहून ठेवा. त्याच्या पाच फूट आधी संग्रह वर जायला हवा. यासाठी तो एका फेरीत उचलता येईल अशा झाकणाच्या क्रेटमध्ये हवा. मोठी ट्रंक बळकट असते, पण पुराच्या रात्री ती जिन्यावरून चढवायला चार माणसं लागतात आणि तेव्हा चारही माणसं दुसरं काही उचलत असतात. संग्रहाचे मोबाईलवर फोटो काढून यादीसह दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

आमच्याकडे आणताना

भिजलेली वस्तू ओलीच आणा, घरी सुकवून नको. ताटात, डब्यात किंवा क्रेटमध्ये, पिशवीला गाठ न मारता. बघायचे पैसे नाहीत. काम होण्यासारखं नसेल तर तसं सांगतो. दोन-तीन गोष्टी घेऊन बाकी सोडून द्या असंही सांगतो, त्याचा राग मानू नये. पुराच्या आठवड्यात हातानं लिहिलेलं आणि घरचे फोटो आधी घेतो, छापील अंक आणि पुस्तकं नंतर, कारण छापलेलं कुठेतरी दुसरीकडे असतं. तैलचित्रं आणि पैठण्या आम्ही करत नाही. फोनवर खर्चाचा अंदाज देत नाही, वस्तू हातात घेतल्याशिवाय तो देता येत नाही.

डीप फ्रीझर २०१९ ला दुकानात तळमजल्यावर होता. आता दुसऱ्या मजल्यावर घरी आहे. दुकानात पाणी असेल तर मागच्या गल्लीतून येऊन खालून हाक मारा, दोरीला बांधून टोपली खाली सोडतो.