नामसंघर्ष, संगणकाचा (घरगुती नेटवर्क)

एकाच स्थानिक नेटवर्कवरील दोन उपकरणांनी एकाच संगणकनामावर हक्क सांगितल्याने उद्भवणारी स्थिती. आयपी पत्त्यांच्या (उपकरणांच्या नेटवर्कवरील आकडी पत्त्यांच्या) संघर्षाशी तिची गल्लत होते. पत्ता दुहेरी झाला तर जोडणीच तुटू लागते. नाव दुहेरी झाले तर इंटरनेट सुरळीत चालते आणि फक्त सामायिक फोल्डर किंवा प्रिंटर नावाने सापडत नाही. त्यामुळे बिघाड बरेच दिवस लक्षात येत नाही.

उगम : विंडोजवरील नामसंघर्षाचे मूळ नेटबायॉस या, संगणकांना एकमेकांना नावाने शोधू देणाऱ्या व्यवस्थेत आहे. ती सायटेक कंपनीने आयबीएमच्या ‘पीसी नेटवर्क’साठी तयार केली. तिचा काळ सामान्यतः 1983 मानतात. काही लेखक ‘पीसी नेटवर्क’ बाजारात आले ते 1984 हे वर्ष देतात. निर्मिती आणि विक्री यांतला हा फरक असावा, म्हणून पहिले वर्ष अधिक ग्राह्य वाटते. नेटबायॉसला सर्रास ‘प्रोटोकॉल’ (यंत्रांमधील संदेशांचे नियम) म्हटले जाते. मुळात तो प्रोग्रॅमसाठीचा इंटरफेस, म्हणजे प्रोग्रॅमला नेटवर्क वापरू देणारा दुवा होता. टीसीपी/आयपीवर (इंटरनेटच्या मूळ संदेशपद्धतीवर) तो कसा चालवावा हे मार्च 1987 मधील आरएफसी (इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) 1001 व 1002 यांनी ठरवले.

नावाच्या लांबीविषयी संदर्भग्रंथ 15 आणि 16 असे दोन आकडे देतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मूळ रचनेत नाव 16 बाइटांचे असते. मायक्रोसॉफ्टने शेवटचा बाइट सेवेचा प्रकार दाखवण्यासाठी राखून ठेवला (हेक्स 00 म्हणजे वर्कस्टेशन, 20 म्हणजे फाइल सर्व्हर). वापरणाऱ्याच्या हाती 15 अक्षरे उरतात आणि पुढची कापली जातात. रोमन लिपीत ‘स्टडीरूम-लॅपटॉप-1’ आणि ‘स्टडीरूम-लॅपटॉप-2’ अशी नावे ठेवली, तर पंधरावे अक्षर ‘लॅपटॉप’मधील ‘ओ’ ठरते. शेवटचा ‘पी’, जोडरेघ आणि वेगळेपण सांगणारा आकडा तिन्ही गळतात. मालकाला दोन नावे दिसतात, नेटवर्कला एकच. लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही येथे उपयोगी पडत नाही.

यंत्रणा : घरगुती नेटवर्कवर नावांची नोंदवही ठेवणारा कोणी नसतो. संगणक सुरू होताना यूडीपी पोर्ट 137 वरून (अशा संदेशांसाठी ठरलेल्या वाटेवरून) नावाची दवंडी पिटतो. 250 मिलिसेकंदांच्या अंतराने तीन वेळा विचारूनही हरकत आली नाही, तर नाव त्याचे. सारा निवाडा पाऊण सेकंदाचा, आणि मौन म्हणजे संमती. पहिला लॅपटॉप झोपलेला असताना दुसऱ्याने नाव घेतले, तर जागा झाल्यावर हरकत पहिल्यालाच ऐकावी लागते. म्हणून तक्रार करणारे यंत्रच चुकीच्या नावाचे आहे, असे समजणे योग्य नाही.

वर्कग्रुपचे (विंडोज संगणकांच्या गटाचे) नाव गटनाम असल्याने ते अनेकांचे एकच असले तरी संघर्ष होत नाही. मात्र संगणकाला वर्कग्रुपचेच नाव देता येत नाही.

मॅक व लिनक्सवर वेगळी रीत आहे. अ‍ॅपलने 2002 मध्ये ‘राँदेव्हू’ नावाने आणलेली आणि 2005 पासून ‘बाँझूर’ म्हणवली जाणारी सेवा मल्टिकास्ट डीएनएस, म्हणजे नेटवर्कवरील सर्वांना एकदम विचारून नाव शोधण्याची पद्धत वापरते (पोर्ट 5353, प्रमाणित रूप आरएफसी 6762, फेब्रुवारी 2013). तीही 250 मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा चाचपणी करते. पण नाव घेतलेले आढळले की यंत्र भांडत बसत नाही, स्वतःच्या नावापुढे ‘-2’ जोडून मोकळे होते. लिनक्सवरील अवाही ही तशीच सेवा हेच करते. ही तडजोड सोयीची असली तरी जुन्या नावाने जोडलेले शॉर्टकट मुकाट्याने निकामी होतात. घरात दुसरा मॅक नसतानाही आकडा वाढत गेला, तर यंत्राला स्वतःच्याच जुन्या नोंदीचा पडसाद ऐकू येत असावा. केबल आणि वाय-फाय एकाच वेळी जोडलेले असताना हे अधिक दिसते.

निदान व उपाय : विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) नेटबीटी (टीसीपी/आयपीवरील नेटबायॉस) या स्रोताची 4319 क्रमांकाची नोंद मिळते. कमांड प्रॉम्प्टवर ‘एनबीटीस्टॅट -एन’ दिल्यास स्वतःची नावे दिसतात. वादातील नावासमोर ‘कॉन्फ्लिक्ट’ उमटते. प्रतिस्पर्ध्याचा आयपी पत्ता 4319 क्रमांकाच्या नोंदीच्या डेटात असतो आणि तो राउटरच्या यादीशी ताडून उपकरण ओळखता येते. दोहोंपैकी एकाचे नाव पहिल्या 15 अक्षरांतच वेगळे करून ते रीस्टार्ट करणे हाच खरा उपाय. ‘एनबीटीस्टॅट’ला कॅपिटल ‘आर’ दोनदा जोडल्यास नावे सोडून पुन्हा नोंदवली जातात, पण दुसरे यंत्र तेच नाव धरून असेल तर त्याने काही साधत नाही. लिनक्सवर ‘होस्टनेमसीटीएल’, मॅकवर शेअरिंगच्या सेटिंगमधील स्थानिक नाव बदलावे.

विंडोज 10 पासून नव्या संगणकाला ‘डेस्कटॉप’पुढे सात यादृच्छिक अक्षरे जोडून नाव मिळते, त्यामुळे योगायोगाने होणारे संघर्ष विरळ झाले आहेत. उरलेले बहुतेक एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रात बसवल्याने किंवा व्हर्च्युअल मशीनची (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची) तशीच प्रत काढल्याने होतात.